पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह: पहिल्या वर्षातील क्रिएटिनिन मुलाचे भविष्य किती सांगते?

सदाफुली
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार. माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. त्याला जन्मतः पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह हा दोष होता, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाखाली, मूत्रमार्गाच्या सुरुवातीलाच पातळ पडद्यासारख्या झडपा होत्या आणि त्यांच्यामुळे तो पोटात असल्यापासूनच लघवी अडत होती. तिसऱ्या दिवशी पाच नंबरची फीडिंग ट्यूब घालून मूत्राशय रिकामे केले आणि अकराव्या दिवशी दुर्बिणीतून झडपा जाळल्या. दोन्ही मूत्रपिंडांना सूज होती, ती आता उजव्या बाजूची बरीच आणि डाव्या बाजूची थोडी उतरली आहे.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ, त्याचे आकडे मी एका वहीत लिहून ठेवले आहेत. दुसऱ्या दिवशी ०.९, पाचव्या दिवशी २.१, शस्त्रक्रियेनंतर आठवड्याने १.४, एक महिन्याचा असताना ०.९, तीन महिन्यांचा असताना ०.७, आठव्या महिन्यात ०.६ आणि गेल्या आठवड्यात पुन्हा ०.६. मागच्या भेटीत डॉक्टर म्हणाले की पहिल्या वर्षातील सर्वांत कमी क्रिएटिनिनवरून पुढचा बराच अंदाज येतो. बाहेर वीस-पंचवीस पालक ताटकळत होते, त्यामुळे विषय तेवढ्यावरच राहिला. घरी आल्यावर रात्री मी फोनवर शोधले, तेव्हा एक गणनयंत्र सापडले. त्यात मुलाची माहिती भरली की मूत्रपिंड निकामी होण्याची टक्केवारी मिळते. मला मिळालेला आकडा मी येथे लिहिणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढेच सांगते.

०.९ वरून एकदम २.१ झाले तेव्हा उपचारात काही चुकले होते का? ०.६ हा चांगला आकडा आहे की वाईट? आणि अशा टक्केवारीवर आईने कितपत विश्वास ठेवावा? जाणकारांनी कृपया लिहावे.


हिरडा
रविवार, रात्री ११:३५

सदाफुलीताई, मी बालमूत्रपिंडविकारांचे काम करतो. आपल्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे उपचाराचा सल्ला येथे देणार नाही. आकड्यांचा अर्थ मात्र सांगू शकतो.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. जन्मानंतर पहिल्या ४८ तासांतील क्रिएटिनिन हे बाळाचे नसते, आईचे असते. वारेतून दोघांच्या रक्तातील क्रिएटिनिन सारखे झालेले असते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा ०.९ हा बहुतांशी आपला आकडा होता. आईची मदत सुटल्यावर बाळाची मूत्रपिंडे स्वतः किती काम करतात, ते पाचव्या दिवशीच्या २.१ ने दाखवले. त्यात कोणाची चूक दिसत नाही.

आता नीचांकी क्रिएटिनिनविषयी. झडपा काढल्यानंतर वर्षभरात क्रिएटिनिन उतरत उतरत जेथे टेकते, तो हा आकडा. त्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे, गर्भावस्थेत जावे लागते. रक्त गाळणारे नेफ्रॉन गर्भातच तयार होतात आणि साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत ते काम संपते. त्यानंतर आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन तयार होत नाही. लघवी लवकर आणि जोरात अडली, तर मूत्रपिंडाची जडणघडणच बिघडते. काही भाग गाळणी म्हणून कधी घडतच नाही. याला आम्ही डिसप्लेसिया म्हणतो आणि झडपा कितीही सफाईने काढल्या तरी तो परत फिरत नाही. मुलाला जन्मतः नेफ्रॉनची पुंजी किती मिळाली, हे नीचांकी क्रिएटिनिन अप्रत्यक्षपणे सांगते. बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्पटन यंग यांनी १९१९ मध्ये या झडपांचे तीन प्रकार वर्णन केले. शंभर वर्षांत दुर्बीण नवजात बाळाच्या मूत्रमार्गात सहज जाईल इतकी बारीक झाली आणि ही मुले जगू लागली, परंतु मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण त्या वेगाने खाली आले नाही, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

ब्रिटनमधील एका अभ्यासात ३५ आणि ७५ मायक्रोमोल अशा दोन सीमारेषा धरल्या होत्या. आपल्याकडील मापात (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) त्या साधारण ०.४ आणि ०.८५ होतात. ०.४ च्या खाली असलेल्या मुलांचा पुढचा प्रवास बहुधा सुरळीत होतो, आणि ०.८५ च्या वर, विशेषतः १ च्या वर स्थिरावलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पुढे डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची गरज पडते. आपल्या मुलाचा ०.६ या दोन रेषांच्या मध्ये येतो. दोन्ही टोकांना हा आकडा ठामपणे बोलतो, मध्ये मात्र पुटपुटतो. सोनोग्राफीत मूत्रपिंडाचा बाह्यभाग नेहमीपेक्षा पांढरट दिसतो का, त्यात बारीक पाण्याच्या गाठी आहेत का, लघवी मूत्राशयातून दोन्ही बाजूंना उलटी वर चढते का, हे पाहून अंदाज थोडा धारदार करता येतो. तरीही मधल्या गटातील मुलाविषयी चौदाव्या महिन्यात छातीठोकपणे बोलणाऱ्या डॉक्टरांवर मी विश्वास ठेवणार नाही.

एक विनंती आहे. आठव्या महिन्यात आणि गेल्या आठवड्यात मुलाची उंची किती होती, ते वहीत असल्यास लिहाल का?


सदाफुली
सोमवार, सकाळी ७:१०

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. दुसऱ्या दिवसाचा आकडा माझा होता, हे मला गेल्या चौदा महिन्यांत कोणी सांगितले नव्हते. उंची आठव्या महिन्यात ६८ सेंटिमीटर होती आणि आता ७४ आहे.


हिरडा
सोमवार, दुपारी २:२०

मग हे गणित पाहा. मुलांमध्ये मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग (मिनिटाला मिलिलिटरमध्ये) काढण्यासाठी २००९ चे सुधारित श्वार्ट्झ सूत्र वापरतात. उंचीच्या सेंटिमीटरला ०.४१३ ने गुणायचे आणि आलेल्या संख्येला क्रिएटिनिनने भागायचे. आठव्या महिन्यात ६८ गुणिले ०.४१३ भागिले ०.६, म्हणजे साधारण ४७. आता ७४ गुणिले ०.४१३ भागिले ०.६, म्हणजे साधारण ५१. क्रिएटिनिन तेच राहिले, पण मूल वाढले, स्नायू वाढले, म्हणजे तेवढेच क्रिएटिनिन राखण्यासाठी मूत्रपिंडाला अधिक काम करावे लागले आणि त्याने ते केले. वहीत फक्त ०.६ आणि ०.६ लिहिले, तर ही हालचाल दिसत नाही. हे सूत्र एक वर्षावरील मुलांच्या माहितीवर बेतलेले असल्याने ४७ हा आकडा ढोबळच मानावा.

आणखी एक बारकावा. ०.६ असे एका दशांशापर्यंत छापलेले उत्तर प्रत्यक्षात ०.५५ पासून ०.६४ पर्यंत काहीही असू शकते. आपल्या मुलाच्या उंचीला त्याचा अर्थ ५६ पासून ४८ पर्यंत होतो. मोठ्या माणसात हा फरक किरकोळ ठरतो, एवढ्या लहान मुलात नाही. म्हणून तपासणी एन्झायमॅटिक पद्धतीने करून घ्यावी, दोन दशांशांपर्यंत उत्तर मागावे, आणि शक्यतो प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत जावे. जुन्या जाफे पद्धतीत रक्तातील इतर पदार्थही क्रिएटिनिन म्हणून मोजले जातात आणि लहान मुलांत, जेथे मूळ आकडाच छोटा असतो, तेथे ही भेसळ फार जाणवते.


आकडेमोड
सोमवार, रात्री ९:०५

मी वैद्यकशास्त्रातला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. सदाफुली यांनी ज्या प्रकारच्या गणनयंत्राचा उल्लेख केला, त्याविषयी थोडे लिहितो.

या आजारासाठी यंत्रशिक्षणावर आधारलेले एक साधन टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातील गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात निदानाच्या वेळचे वय, पहिल्या वर्षातील नीचांकी क्रिएटिनिन, लघवी उलटी चढण्याची श्रेणी आणि डिसप्लेसिया यांसारखी माहिती भरतात. काम प्रामाणिक आहे आणि त्याच्या मर्यादाही लपवलेल्या नाहीत. परंतु ते १०३ मुलांच्या नोंदींवर उभे आहे आणि त्यांपैकी डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत गेलेली मुले १८ होती. म्हणजे आपण टक्केवारी वाचतो तेव्हा त्या टक्केवारीखाली अठरा मुलांचा अनुभव असतो. दशांश चिन्हानंतरचे आकडे पाहून जो नेमकेपणा वाटतो, तो त्या अठरा मुलांत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अशा साधनाची गुणवत्ता मोजताना बहुधा असे पाहतात की दोन मुले समोर ठेवली, तर कोणाचे मूत्रपिंड आधी थकेल हे ते बरोबर ओळखते का. ही क्रमवारी लावण्याची क्षमता झाली. तीस टक्के धोका सांगितलेल्या मुलांपैकी खरोखर शंभरात तीस जणांनाच तो त्रास झाला का, हा वेगळा प्रश्न आहे आणि पालक मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आकडा वाचतात. वर्गात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे अचूक सांगणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकाचे गुण अचूक सांगता येतीलच असे नाही.

तिसरी गोष्ट काळाची. टोरांटोच्या मुलांचा पाठपुरावा मध्यकाने पावणेसहा वर्षांच्या आसपास होता. याउलट हेलसिंकीच्या एका जुन्या मालिकेत १९३ रुग्णांचा पाठपुरावा मध्यकाने ३१ वर्षे झाला. त्यांतील ४४ जणांचे मूत्रपिंड निकामी झाले आणि त्या ४४ पैकी जवळपास एक तृतीयांश जणांचे वयाच्या १७ व्या वर्षानंतर झाले. सहा वर्षांच्या अनुभवावर बांधलेल्या साधनाला विसाव्या वर्षाविषयी बोलण्याचा अधिकार नाही. धोका कमी दाखवला म्हणून निर्धास्त होणे आणि जास्त दाखवला म्हणून खचणे, दोन्ही त्यामुळे घाईचे ठरते.

माझे मत विचाराल, तर अशी साधने पालकांच्या फोनवर उघडी असूच नयेत.


हिरडा
सोमवार, रात्री १०:१५

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. पालकांपासून माहिती दडवून आजपर्यंत कोणाचे भले झाल्याचे मी पाहिलेले नाही. मी स्वतः अशा साधनांचा उपयोग कोणत्या मुलाला तीन महिन्यांनी आणि कोणाला वर्षाने बोलवायचे, हे ठरवण्यासाठी करतो. मात्र टक्केवारी पालकांना सांगायची असेल, तर ती कागदावर शंभर ठिपके काढून सांगावी लागते आणि त्याला वीस मिनिटे लागतात. ती वीस मिनिटे आमच्या बाह्यरुग्ण विभागात नसतात, हा दोष आमचा आहे, साधनाचा नाही.


कोकणकडा
मंगळवार, सकाळी ६:३०

हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. त्याचे निदान चौथ्या वर्षी झाले. तोपर्यंत त्याला वारंवार ताप येत असे, लघवीला बसला की कुंथत असे आणि धार कधी लागलीच नाही, थेंब थेंब गळत असे. आमच्या तालुक्याच्या गावी एकाने सवय आहे म्हणून सांगितले, दुसऱ्याने जंत झाले असतील म्हणून औषध दिले. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या वर्षाचा नीचांकी आकडा नावाची गोष्टच नाही. टोरांटोचे असो वा आणखी कुठले, कोणत्याही गणनयंत्रात माझा मुलगा बसत नाही, आणि आपल्याकडे अशी मुले थोडी नाहीत.

मला एक गोष्ट फार उशिरा समजली, म्हणून ती येथे ठळकपणे मांडतो. झडपा गेल्या म्हणजे आजार गेला, असे आम्ही तीन वर्षे समजून चाललो. सातव्या वर्षी मूत्राशयातील दाब मोजणारी यूरोडायनॅमिक तपासणी झाली तेव्हा कळले की मूत्राशय जाड आणि ताठर झाले आहे, त्यात दाब फार वाढतो आणि तो दाब वर मूत्रपिंडांवर जातो. गर्भात महिनोन् महिने बंद दारावर जोर लावून मूत्राशयाचे स्नायू असे होतात आणि दार उघडल्यावरही ते मूळपदावर येत नाहीत. डॉक्टर याला व्हॉल्व्ह ब्लॅडर म्हणतात. त्यानंतर मूत्राशय सैल करणारे ऑक्सिब्युटिनिन हे औषध सुरू झाले आणि दिवसातून चार वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे ठरले. या मुलांची संवेदना शाबूत असते, त्यामुळे नळी घालताना दुखते. पहिल्या पंधरा दिवसांत तो नळीचे पाकीट फाडल्याचा आवाज आला की पलंगाखाली जात असे. शेवटी मित्रोफानॉफ नावाची शस्त्रक्रिया केली. अपेंडिक्स वापरून बेंबीपासून मूत्राशयापर्यंत वाट तयार करतात, आणि मूल आरशासमोर उभे राहून स्वतः नळी घालू शकते. फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली. माझा मुलगा ते काम आता शाळेच्या स्वच्छतागृहात पाच मिनिटांत उरकतो; त्याआधी मात्र तास चालू असताना बाहेर सोडावे म्हणून आम्हाला एका शाळेत चार वेळा अर्ज द्यावा लागला होता.

त्याचे क्रिएटिनिन आज १.१ आहे, उंची १६५. हिरडा यांच्या सूत्राने हा वेग साधारण ६२ येतो, आणि गेली सहा वर्षे तो ६० ते ६५ च्या दरम्यानच आहे. सदाफुलीताई, आपल्याला मिळालेल्या टक्केवारीत मूत्राशयाविषयी एकही प्रश्न विचारला होता का, ते पाहा.


सदाफुली
मंगळवार, सकाळी ८:५०

नव्हता विचारला. मी आत्ताच पुन्हा उघडून पाहिले.


गारवेल
मंगळवार, रात्री ९:४०

मी सोनोग्राफी करते, म्हणून जन्मापूर्वीच्या अंदाजाविषयी लिहिते, कारण हा प्रश्न सर्वांत कठीण तेथेच असतो.

अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत ताणलेले, जाड भिंतीचे मूत्राशय आणि त्याच्याखाली मूत्रमार्गाचा फुगलेला भाग एकत्र दिसला, की चित्र कुलपाच्या छिद्रासारखे दिसते. आमच्या पुस्तकांत त्याला कीहोल असेच म्हणतात. त्यानंतर माझी नजर प्रथम गर्भजलाकडे जाते. सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यत्वे गर्भाचीच लघवी. ते चोविसाव्या आठवड्यापूर्वीच आटले, तर मूत्रपिंडांबरोबर फुफ्फुसांचीही वाढ खुंटते, आणि अशा बाळाचा जीव जन्मल्यावर अनेकदा श्वासामुळे जातो, मूत्रपिंडामुळे नव्हे. पाणी शेवटपर्यंत पुरेसे राहिले तर आशा वाढते, खात्री मिळत नाही.

आपल्याकडे एक अडचण अशी आहे की ती परदेशी लेखांत सापडणार नाही. या झडपा फक्त मुलग्यांत असतात. अहवालात हे नाव लिहिले की लिंग सांगितल्यासारखे होते, आणि १९९४ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे. म्हणून मी अहवालात मूत्रमार्गाच्या खालच्या भागात अडथळा एवढेच लिहिते. पालक ते वाचून शोध घेतात, आणि त्यांना वेगवेगळ्या पाच-सहा आजारांची सरमिसळ माहिती मिळते. कायदा योग्यच आहे. पण त्याची ही किंमत कोणी तरी मोजतो, तेवढे नोंदवते.

गर्भाच्या मूत्राशयात सुई घालून लघवी तपासण्याची पद्धत १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने पुढे आणली. सोडियम १०० च्या खाली, क्लोराइड ९० च्या खाली, ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण) २१० च्या खाली, असे असेल तर मूत्रपिंड बरे समजायचे. कल्पना सुरेख आहे: चांगले मूत्रपिंड मीठ परत घेते, खराब झालेले सांडून देते. परंतु एकट्या या आकड्यांवर गर्भाचे भवितव्य ठरवण्याइतके ते भरवशाचे ठरले नाहीत. २०१३ मध्ये तुलूझच्या गटाने गर्भाच्या लघवीतील १२ पेप्टाइडांचा, म्हणजे प्रथिनांच्या लहान तुकड्यांचा, संच मांडला, त्याचे निकाल पुष्कळ उजवे होते; माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांना मात्र ती तपासणी आजही उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या प्लूटो चाचणीचा निकालही त्याच वर्षी आला. गर्भातच नळी बसवून लघवी गर्भजलात सोडल्याने फायदा होतो का, हे त्यात तपासायचे होते. १५० गर्भवतींचे उद्दिष्ट होते, पण ३१ जणीच सहभागी झाल्या आणि चाचणी आवरती घ्यावी लागली. नळी बसवलेल्या गटात अधिक बाळे जगल्याचे दिसले, तरी दोन्ही गट मिळून मूत्रपिंडाचे काम सामान्य असलेली केवळ दोन बाळे पहिल्या वाढदिवसापर्यंत पोहोचली.

गर्भपाताच्या कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास चोवीस आठवड्यांपुढेही गर्भपातासाठी वैद्यकीय मंडळाकडे जाता येते. त्या मंडळासमोर बसलेल्या आईबापांना टक्केवारी हवी असते. मी त्यांना पाणी किती आहे, मूत्रपिंडात गाठी आहेत का आणि किती आठवडे झाले, एवढेच सांगू शकते. बाकी मी जे सांगेन ते माझ्या आवाजाच्या ठामपणावर चालेल, पुराव्यावर नाही.


माळावरचा
बुधवार, सकाळी ११:२५

पुनर्नवा आणि गोखरू यांचा काढा मूत्रपिंडासाठी उत्तम, असे आमच्याकडे पूर्वापार सांगतात. लहान मुलाला थोड्या प्रमाणात दिल्यास हरकत नसावी.


हिरडा
बुधवार, दुपारी १:४०

हरकत आहे. गाळण्याचा वेग ५० च्या आसपास असलेल्या चौदा महिन्यांच्या मुलाला घटकांचे प्रमाण न छापलेली कोणतीही पूड किंवा काढा देऊ नये, मग तो कोणत्याही परंपरेतला असो. वनस्पतींच्या काढ्यात पोटॅशियम भरपूर असू शकते आणि अशा मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणे जड जाते. तापासाठी आयब्युप्रोफेनचे सिरपही विचारल्याशिवाय देऊ नये.


बोरकूट
बुधवार, रात्री ११:५०

मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि ज्या मुलांविषयी आपण सगळे लिहीत आहात, त्यांपैकीच एक आहे. माझे पहिल्या वर्षातील सर्वांत कमी क्रिएटिनिन ०.५ होते, म्हणजे सदाफुलीताईंच्या मुलापेक्षा बरे. तरी एकोणिसाव्या वर्षी मला आईचे मूत्रपिंड बसवावे लागले.

चौदाव्या वर्षापर्यंत सगळे ठीक होते. माझे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नसे, त्यामुळे मी दिवसाला चार लिटर पाणी पीत असे आणि तेवढीच लघवी होत असे. दिवसा दोन दोन तासांनी जाता येते, रात्री मात्र झोपेत मूत्राशय तुडुंब भरते. एकदा पहाटे मोजले तेव्हा नऊशे मिलिलिटर निघाले होते. यासाठी रात्रभर नळी लावून पिशवीत लघवी सोडायची असते. घरी आई लावत असे. मी वसतिगृहात गेलो आणि ते बंद केले. चार जणांच्या खोलीत पलंगाला पिशवी टांगून झोपणे मला जमले नाही, एवढेच कारण. त्याच दोन वर्षांत माझी उंची अकरा सेंटिमीटर वाढली. रक्त तपासायला मी घरून पैसे घेत असे आणि तपासणी करत नसे. घरच्यांना कळले तेव्हा क्रिएटिनिन ४.८ होते.

नळी लावली असती तर मूत्रपिंड टिकले असते का, हे मी प्रत्यारोपणाआधी डॉक्टरांना विचारले होते. ते म्हणाले, कदाचित काही वर्षे अधिक टिकले असते, कदाचित नाही. आईच्या मूत्रपिंडाला धोका होऊ नये म्हणून आधी माझ्या मूत्राशयावर सहा महिने उपचार केले. आता मी नळी लावतो. खोलीत एकटाच असतो.


हिरडा
गुरुवार, दुपारी ३:०५

बोरकूट, आपण लिहिलेत त्याबद्दल आभारी आहे. पौगंडावस्थेत शरीर झपाट्याने वाढते आणि नेफ्रॉन तेवढेच राहतात, त्यामुळे प्रत्येकावर ताण वाढून ते आणखी लवकर झिजतात. मूत्राशयही याच काळात रूप बदलते. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या गटाने या मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला, तेव्हा लहानपणी अतिचपळ असलेले मूत्राशय वाढत्या वयात ढिले, मोठे आणि पूर्ण रिकामे न होणारे झाल्याचे दिसले. म्हणून चौदाव्या महिन्यातील अंदाज चौदाव्या वर्षी नव्याने मांडावा लागतो.

बदलता येण्याजोग्या गोष्टींपैकी तीन गोष्टींचा पुरावा चांगला आहे. पहिली, लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एस्केप चाचणीत मूत्रपिंडविकाराची ३८५ मुले होती. सर्वांना रॅमिप्रिल हे रक्तदाबाचे औषध दिले आणि अर्ध्यांचा रक्तदाब वयाच्या मानाने मधल्या रेषेच्याही खाली ठेवला. त्या गटात आजार लक्षणीयरीत्या मंद झाला. म्हणजे या मुलांमध्ये सर्वसाधारण मुलाचा रक्तदाब चालला, एवढे पुरेसे नाही. दुसरी, तापासह येणारा मूत्रसंसर्ग. फ्रान्समधील एका चाचणीत याच आजाराच्या ९१ मुलांपैकी निम्म्यांना प्रतिबंधक प्रतिजैविकाबरोबर सुंता करून घेण्यास सांगितले. २०२२ च्या निकालात संसर्गाचे प्रमाण त्या गटात ३ टक्के आणि केवळ प्रतिजैविक घेणाऱ्यांत २० टक्के आले. आपल्याकडे हा विषय काढला की काही घरांत शांतता पसरते, पण मी तो काढतो. तिसरी गोष्ट मूत्राशयाची; ती कोकणकडा यांनी माझ्यापेक्षा चांगली सांगितली आहे.


सदाफुली
रविवार, संध्याकाळी ७:२०

आठवडाभर सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि घरच्यांनाही वाचून दाखवले. एन्झायमॅटिक पद्धतीने तपासणी केली, उत्तर ०.५७ आले. प्रयोगशाळेतील मुलाने आधी सांगितले की आम्ही एकच दशांश छापतो. मग आत जाऊन यंत्रावरचा आकडा पाहून त्याने पेनने लिहून दिला. वहीत आता क्रिएटिनिनशेजारी उंची, रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने असे रकाने आखले आहेत. डॉक्टरांची वेळ मागताना या वेळी मी आधीच सांगितले की मला मूत्राशयाविषयी विचारायचे आहे, तेव्हा त्यांनी शेवटचा क्रमांक दिला आणि खरोखरच पंचवीस मिनिटे बोलले. पुढच्या महिन्यात चार तासांची तपासणी ठरली आहे. त्याने दर वेळी किती लघवी केली हे डायपरच्या वजनावरून मोजायचे आणि लगेच सोनोग्राफीत मागे किती उरली ते पाहायचे.

त्याआधी घरी सराव करावा असे वाटते. कोकणकडा, आपण घरी कसे मोजत होता?


कोकणकडा
रविवार, रात्री ८:०५

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. कोरड्या डायपरचे वजन आधी लिहून ठेवा, ओल्याच्या वजनातून ते वजा करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायचे. शी झालेला डायपर मोजणीत घेऊ नका. वेळ लिहायला विसरू नका, कारण किती या इतकेच दोन वेळांमध्ये किती अंतर होते, हे डॉक्टर विचारतात. आणि काट्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरा, नाहीतर घरातून तो काटा कणीक मोजायला पुन्हा वापरू दिला जाणार नाही. आमच्याकडे नवीन घ्यावा लागला होता.